दीड वाजताची भरती

माझ्या हिशेबाप्रमाणे त्या दिवशी समुद्राला दुपारी दीड वाजता पूर्ण भरती यायची होती. समुद्र सव्वाअकरालाच येऊन गेला. यात समुद्राची काही चूक नाही, हे मी आधीच लिहून ठेवते.

सुरुवात झाली ती कॅरेबियनपासून. कॅरेबियन नक्की कुठे आहे ते मला विचारू नका. मला एवढंच माहीत आहे की ते माझ्या सुनेच्या, सायलीच्या, फोनमध्ये आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि माणूस औषधालाही नाही! लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून तिला तिथे जायचं होतं. माझा मुलगा निखिल त्या फोनकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, असा किनारा आपल्याकडेच आहे. गाडीने चार तास, पुढे पाऊण तास होडी. तिथेही कोणी जात नाही."

"कोणी का जात नाही?" सायलीने विचारलं.

"कोणाला माहीत नाही म्हणून."

(खरं कारण आम्हाला दुपारी कळलं.)

आम्ही कोलकात्याला सॉल्ट लेकमध्ये राहतो. आमचे हे खिदिरपूरच्या गोदीत कस्टमच्या कचेरीत कारकून होते, त्यांची बदली झाली म्हणून मी इथे आले. ते निवृत्त झाले, तोवर निखिल इथेच नोकरीला लागला आणि परत जायचं राहूनच गेलं. वीस वर्षं झाली. मला हिंदी कळते, बंगाली अर्धी कळते, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. बाजारात मी बोटाने दाखवते. भाजीवाला मला मुकी समजतो असा माझा फार दिवस समज होता. एकदा सायलीने त्याला विचारलं तेव्हा कळलं की तो मला रागीट समजतो!

आणि त्याच दिवसांत निखिलचं पुण्याचं निघालं. त्याच्याच कंपनीत पुण्याला वरची जागा होती. मिळाली तर आम्ही सगळेच जाणार. मी वरवर "तुझं बघ बाबा" म्हणत होते. पण सकाळी देवाला दिवा लावताना रोज एकच मागत होते. पुण्यात माझी बहीण राहते. तिथे भाजीवाल्याशी भांडता येईल, जिन्यात कोणाला थांबवून "काय केलंत आज?" विचारता येईल. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची सवयच नाही.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी निखिल फोन ठेवून म्हणाला, "पुण्याची मुलाखत उद्याच आहे. संध्याकाळी सातला, व्हिडिओवर. मोठे साहेब परवा बाहेर चाललेत."

"मग सहल रद्द," सायली म्हणाली.

"रद्द कशाला? बाराला होडी सुटली की पाचच्या आत आपण घरी. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो की नाही बघ."

"होडीवाल्याला सांगून झालंय," हे म्हणाले. यांना एकदा सांगून झालेली गोष्ट मोडलेली खपत नाही. त्यामुळे ठरलं.

पहाटे निघालो. सात वर्षांची आमची नात तन्वी गाडीत माझ्या मांडीवर झोपली होती. धक्क्यावर गाडी ठेवली आणि होडीत बसलो. होडीवाल्याचं नाव खोकनदा. पन्नाशीचा, वाळलेला, हसरा माणूस. खाडीतून दोन्ही बाजूंच्या तिवरांमधून त्याने आम्हाला नेलं. पाणी चढत होतं. होडीच्या कडेवर हात ठेवला आणि मला काय झालं कोण जाणे, खूप वर्षांनी आपल्या घरी बसल्यासारखं वाटलं.

याला कारण आहे. माझे वडील, अण्णा, कोकणात खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी तरीवरच वाढले. अण्णांना घड्याळ नव्हतं. भरतीची वेळ ते तिथीवरून काढायचे. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चौथीपर्यंतचं गणित त्याला पुरतं. ते मी अण्णांच्या मांडीशी बसून शिकले आणि माझ्या आयुष्यात मला पक्की येणारी हीच एक विद्या. कोलकात्यात तिचा काही उपयोग नाही. तरी स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर तिथी दिसली की मी मनातल्या मनात भरती काढते. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी.

त्या दिवशी द्वितीया होती. बे त्रिक सहा, भागिले चार. दीड.

किनारा मात्र खरोखरच फोनमधल्यासारखा निघाला. म्हणजे पाणी निळं नव्हतं, चहाच्या रंगाचं होतं. माड नव्हते, सुरूची झाडं होती. पण माणूस नव्हता हे अगदी खरं. वाळूवर लाल खेकड्यांचा गालिचा पसरलेला. आपण पाऊल टाकलं की तो गालिचा एकदम वाळूत गडप व्हायचा. तन्वी ओरडत त्यांच्यामागे पळत होती. सायली फोटो काढत होती. हे सुरूच्या सावलीत पंचा अंथरून आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. (एवढ्या लांब येऊन माणसाने तेच करावं जे तो घरी करतो, याला काय म्हणावं?)

पावणेबाराला खोकनदा आला. "बारोटाय छाडते होबे," तो म्हणाला. बाराला निघायलाच हवं. "जोल नेमे जाच्छे." पाणी उतरायला लागलंय.

"एवढ्यात?" सायलीचं तोंड उतरलं. "अजून थोडं थांबता आलं असतं तर! आत्ता कुठे ऊन चांगलं पडलंय."

आणि इथे माझं तोंड उघडलं. आयुष्यात मी आपणहून फार थोड्या वेळा बोलले असेन. त्यातली ही एक.

"थांबा की," मी म्हटलं. "आज दीडला पूर्ण भरती आहे. आत्ता पाणी उतरेल कसं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुरूखाली घोरणंसुद्धा थांबलं.

"आई, तुला काय माहीत?" निखिलने विचारलं. चिडून नाही, खरंच कुतूहलाने.

मी वाळूवर बोटाने गणित मांडून दाखवलं. गुणाकार, भागाकार, उत्तराखाली दोन रेघा. खोकनदाला मोडक्या बंगालीत सांगितलं की माझे वडीलही माझीच होते. इकडे होडीवाल्याला माझी म्हणतात. तो खुलला. "मासीमा माझीर मेये!" मावशी होडीवाल्याची लेक, असं म्हणून त्याने मला नमस्कार केला. मग पुन्हा पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "किंतु जोल नेमे जाच्छे."

"आई, नक्की?" निखिल म्हणाला. "सातला मुलाखत आहे बरं का."

फोनवर बघावं तर तिथे रेंज नावाला नव्हती. तन्वी माझा पदर ओढत म्हणत होती, "आजी, प्लीज! आर एकटू!" अजून थोडंसं. आणि सायलीच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, माझ्याबद्दल कौतुक होतं.

"नक्की," मी म्हटलं. "एकला निघू. तरी तू साडेसहापर्यंत घरी पोचतोस."

खोकनदाने खांदे उडवले आणि तो होडीकडे गेला. जाताना त्याने सुकलेल्या फांद्या गोळा केल्या. मला वाटलं, चहा करत असेल. तो मुक्कामाची तयारी करत होता!

आता खरं ते लिहिते. साडेबाराला मला वाळूवर ओला पट्टा दिसला. पाणी मागे हटलं की उरतो तसला. तरीवर वाढलेल्या बाईला तो ओळखू येत नाही असं होत नाही. मला आला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, लाट जरा दम घेतेय. पाऊण वाजता तो पट्टा अंगणाएवढा झाला. मी म्हटलं, इथला किनारा उथळ आहे, असं दिसायचंच. डोळे एक सांगत होते आणि अण्णांचं गणित दुसरं. अण्णांना खोटं पाडायला मी तयार नव्हते. समुद्र खोटा पडला तर चालणार होता.

एक वाजता सामान आवरून खाडीकडे गेलो. होडी तिथेच होती. खाडी नव्हती!

म्हणजे मधोमध पाण्याची एक रेघ होती, तन्वीच्या रिबिनीएवढी. बाकी चकचकीत चिखल. त्या चिखलात होडी कुशीवर झोपली होती आणि तिला टेकून खोकनदा बटाटे सोलत बसला होता. शेजारी चुलीवर भात रटरटत होता.

"दादा, पाणी कुठे गेलं?" निखिलने विचारलं.

खोकनदाने सुरीने समुद्राकडे दाखवलं.

"परत कधी येणार?"

"रात आटटा."

रात्री आठ! निखिल मटकन खाली बसला. बसला तो चिखलात. त्याला उठवायला सायली गेली, तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तिला ओढायला हे गेले आणि यांची एक चप्पल आत गेली ती गेलीच. मी तिघांना आधार द्यायला पुढे झाले आणि क्षणभर आम्ही चौघं एकमेकांना धरून असे उभे होतो की तन्वीने फोटो काढला. तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे.

"तुझ्या वडिलांच्या तरीवर लोक बसायचे तरी कसे?" हे म्हणाले. एक पाय वर, बगळ्यासारखे.

"त्यांची खाडी वेगळी होती," मी म्हटलं.

"खाडी वेगळी! चंद्र तर तोच आहे ना?"

तेव्हा खोकनदाने शांतपणे समजावलं, निखिलने मराठीत सांगितलं. चंद्र तोच, पण इथे पाणी तिकडच्यापेक्षा दोन-अडीच तास आधी चढतं. प्रत्येक किनाऱ्याची आपली वेळ असते. अण्णांचं गणित अण्णांच्या किनाऱ्यापुरतं होतं आणि मी ते सहाशे कोस उचलून आणलं होतं, लोणच्याच्या बरणीसारखं. ते इथे नासलंय हे मला बरणी उघडेपर्यंत कळलं नाही.

मला रडू आलं. मी तोंड फिरवून पिशव्या नीट करू लागले. निखिलची जागा गेली. त्याचं पुणं गेलं, माझं पुणं गेलं, आणि घालवलं मी! ज्या गोष्टीसाठी मी रोज देवासमोर दिवा लावला, तिच्यावर मीच फुंकर मारली.

"आई, पिशव्या राहू दे," निखिल म्हणाला. "चालता येईल?"

पाणी गेल्यामुळे किनाऱ्याची वाळू उघडी आणि घट्ट पडली होती. तिच्यावरून दोन कोस चाललं की एक गाव लागतं, तिथून धक्क्यापर्यंत गाडी मिळते, असं खोकनदा म्हणाला. त्याने आम्हाला भात खाऊन जायचा आग्रह केला. आम्ही उभ्याउभ्या दोन-दोन घास खाल्ले. (बटाट्याचं भरीत फार छान होतं. अशा वेळी चव कळायला नको, पण कळली.)

ती मिरवणूक मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे निखिल, खांद्यावर तन्वी. मागे सायली, दोन्ही हातांत सँडल. मग हे, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला पंचा गुंडाळलेला. सगळ्यांत मागे मी, कारण मला कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. सायली दोनदा माझ्यासाठी थांबली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, खरं सांगू? थांबायचं मलाच होतं. तुम्ही नुसतं कारण दिलंत." मला आणखीच वाईट वाटलं.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथे व्हॅन मिळाली. व्हॅन म्हणजे इंजिन लावलेली तीनचाकी फळी. तिच्यावर पाय लोंबकळत सोडून बसलो आणि हाडं खिळखिळी होत धक्क्यावर पोचलो, तेव्हा साडेसहा वाजले होते. घर चार तासांवर. रेंज मात्र होती. भरपूर!

"इथूनच देतो मुलाखत," निखिल म्हणाला.

धक्क्याजवळ एक चहाची टपरी होती, तिच्यात झगझगीत दिवा होता. टपरीवाल्याने बाक रिकामा करून दिला. निखिलच्या अंगात माडाचं चित्र असलेला बनियन होता, चड्डीवर चिखलाचं प्लास्टर. यांनी आपला शर्ट काढून त्याला घातला आणि स्वतः गंजीवर उभे राहून पंचा दोन्ही हातांनी त्याच्या मागे भिंतीसारखा धरला. पंच्याचा चिखल लागलेला भाग त्यांनी खालच्या बाजूला घेतला. सायली तन्वीला घेऊन लांब गेली. निखिलच्या फोनचा जीव गेला होता, म्हणून सायलीचा फोन. पण तो ठेवायचा कुठे?

"आई, तू धर," निखिल म्हणाला. "माझ्या तोंडासमोर. हलू नकोस हं."

सात वाजले. फोनमधून आवाज यायला लागले, इंग्रजी. माझ्या बाजूला फोनची पाठ होती, पलीकडे निखिलचं तोंड. त्याच्या तोंडाकडे इतका वेळ सलग मी तो लहान असतानाच बघितलं असेल. कानाजवळ पाच-सहा केस पांढरे झालेत. डाव्या गालावर चिखल वाळला होता आणि तो पुसायला माझा हात शिवशिवत होता. पण हात बांधलेले. तो भराभरा बोलत होता, हसत होता. पंचा मधूनमधून खाली यायचा आणि पुन्हा वर जायचा.

बऱ्याच वेळाने पलीकडून एक जाड आवाज आला. "आता मराठीत सांगा. पुण्यालाच का यायचंय तुम्हाला?"

मला वाटलं, तो पगार सांगेल, काम सांगेल.  निखिलने फोनच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, माझ्या आईला इथे बोलायला कोणी नाही," तो म्हणाला. "वीस वर्षं झाली. ती कधी म्हणाली नाही. आज दुपारी ती आम्हाला भरती-ओहोटीचं गणित समजावत होती, तेव्हा मला कळलं की ती इतकं बोलू शकते."

 हातांनी माझं ऐकलं नाही.

"अहो, तिकडे भूकंप होतोय का?" पलीकडचा आवाज म्हणाला. "तुम्ही खूप हलताय."

"नाही सर. आई आहे."

"कुठे?"

"फोन धरलाय तिने."

पलीकडे दोन-तीन माणसं मोठ्याने हसली. हे इकडे हसले आणि पंचा हातातून सुटला! त्यामागून गंजीतले हे आणि टपरीच्या बरण्या दिसल्या असणार. मी फोन तसाच धरून म्हटलं, "माफ करा हं. चूक माझी. वेळ मी काढली होती." आता त्यांना काय कळणार कसली वेळ? पण ते म्हणाले, "नमस्कार, आई." मग फोन बंद झाला.

परतीच्या वाटेला लागलो. मी तन्वीला मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. पुण्याचं काय होतंय हे मला तेव्हा इतकं महत्त्वाचं वाटेना. मला बोलायला कोणी नाही हे माझ्या मुलाला माहीत होतं. मी वीस वर्षं लपवलेली गोष्ट त्याने टपरीत, परक्या माणसांना सांगितली. मला राग यायला हवा होता. मला हलकं वाटत होतं.

आठ दिवसांनी कळवलं त्यांनी. जागा दुसऱ्याला दिली. "आई, तुझ्यामुळे नाही," निखिल म्हणाला. "त्याचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता." खरं असेल. मी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मी दोनदा चुकले.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. भाजीवाल्याला बोट दाखवलं नाही. म्हटलं, "दादा, पालोक कोतो?" पालक केवढ्याला? तो इतका दचकला की हातातला तराजू पडला.

आता परत पुण्याला एक जागा निघाली आहे. काल रात्री जेवताना निखिल म्हणाला, "आई, अर्ज करायचाय. किती वाजता पाठवू? तू सांग." जेवता जेवता सगळे थांबले. यांनीसुद्धा घास हातात धरून ठेवला.  एवढं सगळं होऊनसुद्धा पोराने मला विचारलं! मी कॅलेंडर बघितलं, तिथी काढली, इथले सव्वादोन तास न विसरता वजा केले आणि म्हटलं, "दुपारी तीनला पाठव."

आणि आज सकाळी साडेदहालाच त्याने तो पाठवून दिला.